पाऊण आडोसा

आमच्या दुकानावरून तुम्ही रोज गेलात तरी आमचे हे तुम्हाला दिसायचे नाहीत. दिसतील ते तारेवर टांगलेले गिऱ्हाइकांचे कोट, आणि कोटांच्या खाली स्टुलाचे पाय आणि ह्यांचे पाय. धंदा रफूचा. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शालीला कसर लागली, खिळ्यात अडकून पँट फाटली, की लोक आमच्याकडे येतात. हे त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढतात आणि भोक असं बुजवतात की गिऱ्हाईक उजेडात धरून विचारतं, "कुठे होतं हो?" त्यावरही हे काही बोलत नाहीत. बोलायचं खातं माझ्याकडे.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मागणी घालायला स्वतः आले नव्हते, आत्तेबहिणीला पाठवलं होतं. घरमालक आला की हे आत, मी पुढे. गिऱ्हाईक तापलं की हे आत, मी पुढे. एकदा एका बाईने शालीवरून इतका आरडाओरडा केला की हे खरोखर एका लांब ओव्हरकोटाच्या आत शिरून उभे राहिले. बाई गेल्यावर मी बटणं सोडून बाहेर काढलं. तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. आता त्या गोष्टीचं हसू येत नाही, पण सांगायलाच बसले आहे, तर सगळं सांगायला हवं.

असा हा माणूस आठवड्यातून एका दुपारी मात्र वेगळाच व्हायचा. सुट्टीच्या दिवशी दुकानाचं पुढचं दार बंद करायचं, मागच्या खोलीत कापायचं मोठं टेबल मोकळं करायचं, आणि चौघांनी खेळायला बसायचं. पत्ते नाहीत, कॅरम नाही. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना रद्दीत नियमांचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं, त्यातून हे खूळ निघालं. टेबलावर चौकटी आखलेला कागद पसरायचा. प्रत्येकाचं एक पात्र. बाई वैदू, आमच्या गल्लीत टपाल टाकणारा पोस्टमन तलवारबाज, असं. एकाने गोष्ट सांगायची, की आता समोर पूल आहे, पलीकडे दरोडेखोर आहेत, बोला काय करता? बाकीच्यांनी काय करायचं ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. गोष्ट सांगणारे आमचे हे. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर आतून पहाडी आवाज येत होता. मला वाटलं कोणी भांडायला आलंय. पाहते तर हे! टेबलावर दोन्ही हात टेकून दरोडेखोरांच्या सरदाराच्या तोंडचं बोलत होते. मी चहा ठेवायची विसरले.

चौथे म्हणजे चावीवाले भावजी. आमच्या समोर, गल्लीच्या पलीकडे, त्यांच्या थोरल्या भावाचं कुलपांचं दुकान. पाटीवर थोरल्याचं नाव, काउंटरवर थोरला, आणि मागे पडद्याआड कानशी घासत बसलेले हे धाकटे. ह्यांचे ते लहानपणापासूनचे मित्र, एका बाकावरचे. हे जेवढे मुके तेवढे भावजी बोलके. दुकानात शिरताना हाताने कोट बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "आहेस का रे आत, की तुलाही कोणी कोटाबरोबर घरी नेलं?" हे हसायचे. ह्यांना आवाज करून हसवणारा तेवढा एकच माणूस. माझ्याने ते कधी झालं नाही, खोटं कशाला सांगू.

खेळातली माणसं भावजींनी बनवली होती, जुन्या किल्ल्या घासून. प्रत्येकाची वेगळी. त्यांचं स्वतःचं पात्र तिरंदाज, एका पितळी किल्लीचा. दात कापून टाकलेले, मुठीच्या जागी डोकं, आणि बाजूला तारेचं इवलंसं धनुष्य. अकरा वर्षं तो तिरंदाज खेळात होता. किती वेळा मरता मरता वाचला त्याला गणती नाही. गाडी, भिंती, खांब हे सगळं आमच्या दुकानातलं. रिकामी रिळं म्हणजे गाडीची चाकं, सुयांची डबी म्हणजे तिची पेटी.

आता एक नियम सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला तो भावजींनी शिकवला, चहाच्या कपांवर. समजा एकाने दुसऱ्यावर बाण मारला आणि मध्ये काही आड आलं, तर त्याला आडोसा म्हणायचं. आडोसा किती हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. मारणाऱ्याच्या चौकटीचा एक कोपरा धरायचा आणि तिथून समोरच्याच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना एकेक करून दोरा ताणायचा. एक-दोन कोपऱ्यांचा दोरा अडला, तर अर्धा आडोसा. बाण लागायला फाशावर दोन जास्त पडायला हवेत. तीन अडले तर पाऊण आडोसा, पाच जास्त हवेत. चारही अडले तर पूर्ण. मग बाण मारताच येत नाही. मध्ये भिंतच हवी असंही नाही. जिवंत माणूस मध्ये उभा असेल तर तोही मागच्याला आडोसा होतो.

"पण वहिनी," भावजी मला म्हणाले होते, "पूर्ण आडोशात एक गोम आहे. तुम्हाला कोणी मारू शकत नाही, तसं तुम्हालाही कोणाला मारता येत नाही. काही करायचं म्हटलं की बाहेर यावंच लागतं." आणि मग ह्यांच्याकडे पाहून डोळा मारला, "काय रे कोटवाल्या?"

दोरा धरायचं काम अर्थातच ह्यांचं. रफूवाल्याचा दोरा! तीस वर्षं हाताखाली दोरा ताणलेला, केसभर ढिला नाही की केसभर वाकडा नाही. हे जे सांगतील ते सगळे निमूट मान्य करायचे. खेळात कोणी कितीही कुरकुरलं तरी दोऱ्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी दरोडेखोरांचा तिरंदाज बुरुजावर होता आणि भावजींचा उलटलेल्या गाडीमागे. जखमी, तीन गुणांवर जीव. ह्यांनी दोरा लावला. तीन कोपरे अडले, चौथा मोकळा. पाऊण आडोसा. भावजींचा बचाव सोळा, म्हणजे एरवी सोळा झाले की बाण लागायचा; त्यात आडोशाचे पाच, म्हणजे एकवीस लागणार होते. हे फासा टाकतात तो सगळ्यांसमोर. पडले सतरा, त्यात बुरुजावरच्याच्या नेमबाजीचे वरचे चार. एकवीस. बरोबरी झाली की लागला असं धरतात.

"मेला," हे म्हणाले. गोष्ट सांगतानाच्या आवाजातच.

भावजी उठून उभे राहिले. अकरा वर्षांचा तिरंदाज हो, माणसाचा जीव असतो त्यात. म्हणाले, "थांब. चौथा पण अडतोय. दोरा ढिला धरलायस तू, चाकाला बाहेरून वळसा घेतोय."

रफूवाल्याला दोरा ढिला म्हणणं म्हणजे काय ते मला विचारा. स्वयंपाक करणारीच्या समोरून आयुष्यात पहिल्यांदा कोणी भरल्या ताटावरून उठून जावं, तसं. ह्यांचा चेहरा लाल झाला. दार बंद होतं, कोट पुढच्या खोलीत होते, मी चहाचा ट्रे घेऊन उभी. लपायला काही नव्हतं, आणि मग तोंडातून निघालं ते हे:

"ढिला नाहीये. तुला सवयच लागलीये कोणाच्या तरी मागे लपायची. जन्मभर थोरल्या भावाच्या पाठीमागे बसून खाल्लंस, इथेही तेच पाहिजे तुला."

बाईंनी मान खाली घातली. पोस्टमन खिडकीकडे बघायला लागला. भावजींचं तोंड उघडलं, मला वाटलं आता ह्यांची चांगली खरडपट्टी काढतील, त्यांच्याकडे शब्दांना काय तोटा! पण त्यांनी तोंड मिटलं. पायात चपला घातल्या आणि निघून गेले. पितळी तिरंदाज जाताना उचलून खिशात टाकला, तेवढंच.

मी भांडले नसते तर नवल. बाकीचे गेल्यावर मी म्हटलं, "अहो, काय बोललात हे? जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा चुकलं म्हणून."

"दोरा ताठ होता," हे म्हणाले.

"दोऱ्याचं कोण विचारतंय?"

हे टेबल आवरायला लागले. आवरता आवरता एकेक शब्द गिळत मला जे सांगितलं ते असं. थोरल्याचे हात नऊ वर्षांपासून कापत होते. एक कुलूप त्याला धड उघडता येत नव्हतं. गिऱ्हाईक काउंटरवर त्याच्या हातात किल्ली द्यायचं, तो पडद्याआड घेऊन जायचा, धाकटा सगळं करायचा आणि थोरला ती बाहेर आणून द्यायचा. नाव थोरल्याचं, वाहवा थोरल्याची. भावजींना दोनदा दुसरीकडून बोलावणं आलं होतं, स्वतःचं दुकान थाटायला. गेले नाहीत. हे सगळं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण भावजींनी एकदा मन मोकळं केलं होतं ते ह्यांच्यापाशीच.

म्हणजे भावजींकडे उत्तर होतं. चांगलं सणसणीत उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर चारचौघांत थोरला उघडा पडला असता. म्हणून तो माणूस गप्प बसून निघून गेला. आणि ह्यांना हे माहीत होतं! माहीत असून बोलले. माझ्या हातातला फडका मी ह्यांच्या अंगावर फेकला होता, खरं सांगते.

"उद्या जातो," हे म्हणाले.

तो उद्या चौदा महिने आला नाही.

दोन दुकानं समोरासमोर, मध्ये गल्ली ती काय, पलीकडच्याला शिंक आली तर इकडे ऐकू यावी. रोज सकाळी दोन्ही शटर वर जायची. पहिल्या आठवड्यात ह्यांनी कोटांची तार दाराच्या आणखी जवळ ओढून घेतली. पूर्वी कोटांमधून समोरचं दुकान फटीएवढं दिसायचं, तेही दिसेनासं झालं. खेळ बंद पडला. बाई दोनदा येऊन गेल्या, पोस्टमन पत्र टाकताना विचारायचा, "काका, कधी?" हे मान हलवायचे, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांनाच माहीत. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, आठ दिवस अबोला धरून पाहिला. अबोल्याने तर ह्यांना बरंच वाटलं असावं.

मग एका सकाळी समोरचं शटर वर गेलं नाही. दुपारी कळलं, भावजींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आठवड्याने घरी आणलं. समोरचं शटर मात्र बंदच राहिलं. थोरला दिसायला धडधाकट घरात बसलेला, आणि दुकान बंद. दोन आठवडे, तीन आठवडे. गल्लीतल्या माणसांना काय, हळूहळू सगळं उमगलं. इतकी वर्षं आपल्या कुलपांना कोणाचा हात लागत होता ते कोणी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

मी भेटून आले. भावजी खाटेवर, उशांना टेकवून बसवलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र तेच. मला पाहून डाव्या हाताने हवेत कोट बाजूला सारल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. आहे का तो आत, असं विचारत होते. त्यांची बायको दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "सगळं कळतं हो ह्यांना. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो. भेटायचं असेल त्यांनी भेटून जावं."

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे सुईत दोरा ओवत होते. तो दोरा काही ओवला गेला नाही. सुई खाली ठेवून म्हणाले, "तूच सांग ना त्याच्या बायकोला. तुला बोलता येतं. सांग, त्या बोलण्याचं माझ्या फार मनाला लागून राहिलंय म्हणून."

छत्तीस वर्षं मी मध्ये उभी राहिले. घरमालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर, ह्यांच्या स्वतःच्या आईसमोर. कधी ब्र काढला नाही. पण त्या दिवशी माझं टाळकं फिरलं. "नाही सांगणार," म्हटलं. "अजिबात नाही. मी आता ह्यात मध्ये उभी राहायची नाही. तुमच्या तोंडून गेलंय, तुमच्याच तोंडून परत यायला हवं. नाही जमत तर नका जाऊ. पण मग तो माणूस जाईल तेव्हा माझ्या पदरात तोंड खुपसून रडायला येऊ नका."

हे उठून मागच्या खोलीत गेले. पाहिलं तर टेबलावर कागद पसरलेला. बुरुज, गाडी, रिळं सगळं त्या दिवशीसारखं मांडलेलं, तिरंदाजाच्या जागी शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ठेवलेलं. वाकून दोरा लावत होते. एकदा, दोनदा, पाचदा. मग सरळ उभे राहिले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "चौथा मोकळाच आहे गं. माझं बरोबर होतं."

मी वर बघून हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेले.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी हे कागदाची गुंडाळी काखेत आणि रिळांची पिशवी हातात घेऊन दाराशी उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाले, "बरोबर येतेस? बोलू नकोस. नुसती ये."

भावजींच्या खोलीत थोरला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, मांडीवर हात घट्ट धरून, कापताना दिसू नयेत म्हणून. मी दारातच थांबले. हे आत गेले आणि खाटेपाशी उभे राहिले. भावजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत हे दोघे पहिल्यांदा एकमेकांकडे पाहत होते आणि ह्यांच्या तोंडातून "कसा आहेस" एवढंही निघेना. शेवटी खाली वाकून जेवणाचं घडीचं टेबल खाटेवर ओढलं, त्यावर कागद पसरला आणि मांडायला लागले. बुरुज. गाडी. चाकं. भावजींची बायको उठली, कपाटातून काहीतरी काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. पितळी तिरंदाज. ह्यांनी तो गाडीमागे ठेवला.

"हे बघ," हे म्हणाले. "मी पुन्हा मोजलं. तुझं बरोबर होतं. चारही अडतात. हे बघ."

आणि दोरा लावला. पहिला कोपरा, अडला. दुसरा, अडला. तिसरा. मग चौथा. आणि मी ह्यांचा अंगठा पाहिला. तीस वर्षं ह्यांच्या दोऱ्याचं दुसरं टोक मी धरलेलं आहे, ताणलेला दोरा असताना ह्यांचा अंगठा कसा पांढरा पडतो ते मला माहीत आहे. तो पांढरा नव्हता. दोरा ढिला सोडलेला होता, इतका की मध्येच झोळ पडून तो चाकाला टेकला होता. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने ढिला दोरा धरला, मुद्दाम, मित्राला पूर्ण आडोसा मिळावा म्हणून.

"अडला ना?" हे म्हणाले. "माझीच चूक होती."

भावजी दोऱ्याकडे पाहत राहिले. मग डावा हात उचलला. कापत नव्हता तो हात, कुलपं उघडणारा हात. दोन बोटांत दोऱ्याचं टोक पकडलं आणि ओढलं. दोरा ताठ झाला. चाकापासून सुटला आणि चौथ्या कोपऱ्याला सरळ जाऊन पोचला. मध्ये काही नाही. भावजींनी त्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोनदा ठकठक केलं.

त्यांना माहीत होतं! त्या दिवशी घरी जाऊन त्यांनीही मोजून पाहिलं असणार. दोरा ताठ होता, बाण बरोबर लागला होता, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. दोऱ्याची माफी त्यांना नकोच होती. ते ह्यांच्याकडे बघत वाट पाहत होते.

ह्यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे. सवयच ती. देवा, मला वाटलं धावत जावं आणि बोलून टाकावं. जीभ दातांखाली धरली मी. हललेही नाही.

हे पुन्हा खाटेकडे वळले. खाली बसले, आणि मग बोलले. गोष्ट सांगतानाच्या आवाजात नाही. स्वतःच्या. तो इतका बारीक आहे की मलाही कान द्यावा लागला.

"मी खोटं बोललो रे. तू कोणाच्या मागे लपला नव्हतास. तूच पुढे उभा होतास इतकी वर्षं. मला एकट्याला माहीत होतं आणि मीच बोललो, सगळ्यांसमोर. तुला उत्तर देता येणार नाही हे पण मला माहीत होतं. म्हणूनच बोललो असेन. मला माफ कर."

कोपऱ्यातून थोरल्याचा आवाज आला. "खरं आहे ते." मांडीवरचे हात त्याने सोडले होते आणि ते दोन्ही थडथडत होते. "सगळं ह्यानंच केलं. मी नुसता काउंटरवर उभा होतो." एवढं बोलून तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. भावजींची बायको रडायला लागली. मी तर केव्हाची रडत होते.

भावजी तेवढे रडले नाहीत. तोंडाची एक बाजू वर गेली, हसूच ते. मग एका बोटाने त्यांनी गाडीमागचा पितळी तिरंदाज हळूच आडवा पाडला. अकरा वर्षांचा तो तिरंदाज. एकवीसला एकवीस, लागला तो लागला. आणि तोच हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर हे रोज गेले. सकाळी शटर उघडायच्या आधी आणि दुपारी जेवणानंतर. तिथे काय बोलायचे मला माहीत नाही, मी गेले नाही. भावजींची बायको सांगायची, हे बोलतात आणि ते ऐकतात, आधी होतं त्याच्या उलटं. बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी सकाळी हे गेले ते लगेच परत आले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. भावजी गेले, हे मला तेवढ्यावरूनच कळलं.

आता तुम्ही आमच्या दुकानावरून गेलात तर हे दिसतील. कोटांची तार मागच्या भिंतीला नेली आहे. स्टूल दारात, उजेडात. गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलतात, अडखळत का होईना. घरमालक परवा आला तर उठून उभे राहिले, मला हाक मारली नाही. लोक म्हणतात, किती बदलले हो. मी म्हणते, हो. समोरचं शटर बंद असतं. काम करता करता मध्येच सुई थांबते आणि हे तिकडे पाहत बसतात.

गेल्या आठवड्यात मी बाजारातून येत होते, तर हे गल्लीच्या मध्यावर उभे. भर रहदारीत. लोक वळसा घालून जात होते. मी घाबरले. हाताला धरून दुकानात आणलं, पाणी दिलं, विचारलं, "काय करत होतात तिथे?"

हे पाणी प्याले.

"मोजत होतो," म्हणाले. "आपल्या दारापासून त्याच्या दारापर्यंत. मला इतके दिवस वाटायचं, वीस-पंचवीस तरी असतील." पेला खाली ठेवला. "नऊ पावलं आहेत गं."